सरुबाईचं माहेर कुठल्या देशात

उद्धवराव खासदार झाले तेव्हा परराष्ट्र कशाशी खातात हे त्यांना ठाऊक नव्हतं. असायचं कारणही नव्हतं. चाकणच्या बाजारात कांद्याची अडत करणारा माणूस. रुमालाखाली हात घालायचा, समोरच्याची बोटं दाबायची, भाव ठरला की रुमाल झटकायचा, यात जन्म गेलेला. पिंपरीला औषधाचा कारखाना उभा राहत होता तेव्हा दोन गोरे साहेब आले होते. त्यातला एक रस्त्यात आडव्या आलेल्या म्हशीची मोटारीतून उतरून माफी मागत होता. उद्धवरावांनी पाहिलेला परदेश एवढाच.

पण निवडणुकीत माणूस काय बोलेल याचा नेम नसतो. सत्तावन्न सालच्या प्रचारात दिघीला देवळासमोर सभा होती. उद्धवराव विहिरींवर बोलले, रस्त्यावर बोलले, लष्करानं घेतलेल्या रानांवर बोलले. मग बायकांमधून सरुबाई उठली आणि म्हणाली, "त्ये समदं ऱ्हाऊ द्या. माजा सयाजी कवा येनार?"

सरुबाईचा सयाजी पंचावन्न साली पुण्याच्या तुकडीबरोबर गोव्याच्या सत्याग्रहाला गेला होता. हातात झेंडा, कमरेला भाकरी, बाकी काही नाही. पोर्तुगीज शिपायांनी सगळ्यांना मरेस्तोवर झोडपलं, बहुतेकांना ट्रकात कोंबून हद्दीबाहेर फेकलं. सयाजीला ठेवून घेतलं. दीड वर्ष तो तिथल्या किल्ल्यात अंधारात पडला होता. त्या फेब्रुवारीत तिथल्या तुरुंगातून आपली बरीच माणसं सुटून आली, त्यांच्या मिरवणुका निघाल्या, त्यातही सयाजी नव्हता.

"सरुबाई," उद्धवराव छातीवर हात ठेवून म्हणाले, "दिल्लीत पाय ठेवला की पहिलं काम सयाजीचं. अहो, गोवा काय परदेश आहे? आपल्याच घरातली खोली. तिच्यात चोर शिरलाय. घरधन्यानं आपल्या खोलीत जायला कुणाची परवानगी मागायची?"

टाळ्या अशा पडल्या की देवळावरची कबुतरं उडाली. उद्धवराव निवडून आले ते या वाक्यावर, असं लोक म्हणत. वाक्य सोपं होतं. सोप्या वाक्यांवर माणसं निवडून येतात आणि मग आयुष्यभर त्यांची हमाली करतात.

भोसरीचे दौलतराव पडलेल्या उमेदवाराचे उजवे हात. ते रोज एष्टीच्या थांब्यावर उभे राहून विचारायचे, "काय खासदार, सयाजी कुठवर आला? बांद्याच्या हद्दीपर्यंत तरी पोचला का?"

दिल्लीत परराष्ट्र खात्यातल्या एका साहेबांची गाठ पडली. साहेब मूळचे धारवाडकडचे, मराठी जपून बोलायचे. त्यांनी उद्धवरावांना चहा दिला आणि म्हणाले, "पोर्तुगालशी आपले संबंध नाहीत."

"भांडण आहे ते माहीत आहे. पण बोलणं तर असेल?"

"बोलणंही नाही. वकिलात बंद केली."

"मग निरोप कसा धाडायचा?"

"आपल्या वतीनं इजिप्त बोलतो."

"कोण?"

"इजिप्त. आणि त्यांच्या वतीनं इथे ब्राझील बोलतो."

उद्धवरावांनी बशीत ओतलेला चहा तसाच धरला. दोन भावांत अबोला असला की बाजारात तिसरा माणूस मध्ये घालतात, हे त्यांना कळत होतं. पण तो तिसरा त्याच आळीतला असतो. त्याला दोघांची आई माहीत असते. गोवा कुठं, इजिप्त कुठं आणि ते ब्राझील तर कुठं!

"इजिप्तच का?"

"मित्र आहेत. गेल्या साली सुवेझवर हल्ला झाला तेव्हा आपण त्यांच्या बाजूनं बोललो."

"मग झालं की. आता ते आपल्या बाजूनं बोलतील."

"बोलतील. पण काय बोलायचं ते आपण सांगायला हवं. तिथेच अडलंय."

"त्यापरीस सैन्य घाला ना."

"जगाला शांतता आपण शिकवतो, खासदारसाहेब. आपणच सैन्य घातलं तर?"

"मग शांततेनं सोडवा."

"शांततेनंच चाललंय."

"दोन वर्षं?"

साहेबांनी खिडकीकडे पाहिलं. मग पोर्तुगालच्या पाठीशी अमेरिकेची आघाडी कशी आहे, हेगच्या जागतिक कोर्टात दादरा-नगरहवेलीचा त्यांचा दावा कसा पडून आहे, तिथे आपला एकेक शब्द कसा तोलला जातो, हे सांगितलं. उद्धवराव मान हलवत होते. बाजारात न कळलेल्या भावाला ते अशीच मान हलवायचे.

शेवटी साहेब म्हणाले, "इतर सत्याग्रहींना त्यांनी परदेशी म्हणून हाकललं किंवा सोडलं. तुमचा सयाजी त्यांच्या मते परदेशी नाही. त्यांचा स्वतःचा प्रजाजन आहे. स्वतःच्या सरकारावर उठला म्हणून शिक्षा."

"तो दिघीचा आहे हो! मी त्याच्या बापाला ओळखत होतो."

"पकडल्यावर सगळ्यांना गाव विचारलं. सगळ्यांनी पुणे, सातारा, नगर सांगितलं. यानं जमिनीवर पाय आपटला आणि म्हणाला, माझी नाळ इथं पुरलीय, परका तू आहेस. त्यांनी त्याला गोव्यातल्याच पेडण्याला नेलं, जन्माची नोंद काढली. होती."

आता यात सयाजीचा गुन्हा काय? सरुबाईचा नवरा गेनबा मराठा पलटणीत होता. बेळगावला पलटणीत जोडीदार मिळाला तो पेडण्याकडचा, आणि त्याची बहीण गेनबानं केली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, हा आपला रिवाज. सातव्या महिन्यात सरुबाई माहेरी गेली. तेव्हा हद्दीवर एक शिपाई पान खात बसलेला असायचा, तो पोटुशा बाईला बघून गाडीवानाला म्हणायचा, सावकाश हाक रे. पोर झालं, नाळ आजीनं परसात माडाच्या बुंध्याशी पुरली, पाच महिन्यांनी मायलेकरं दिघीला आली. बाई माहेरी गेली की परदेशात गेली, हे त्या वेळी कुणी म्हटलं असतं तर लोकांनी त्याला येरवड्याच्या वेड्यांच्या इस्पितळात नेलं असतं.

"वाट नाहीच म्हणता?" उद्धवरावांनी विचारलं.

साहेबांनी दार लावलं. "एक आहे. मी सांगितली नाही असं समजा. आईनं लिहून द्यायचं की ती हिंदुस्थानची रहिवासी, गोव्याच्या परक्या मुलुखात बाळंतपणापुरती गेली होती, मुलगा तिकडचा नव्हे. ते इजिप्तच्या वकिलातीत पोचलं तर ते त्याला परदेशी म्हणून मागू शकतात. एक माणूस फुकट पोसण्यापेक्षा पोर्तुगीजही सोडतील."

"मग द्या ना लिहून! तुम्हीच लिहा."

"सरकारला तसं लिहिता येत नाही. गोवा परका मुलूख आहे असा एक कागद आमच्या हातचा निघाला तर उद्या हेगला त्यांचा वकील तो फडकवील. तुमच्या हातचाही नको. तुम्ही संसदेचे सभासद."

"म्हणजे जे म्हटल्यानं पोरगा सुटतो ते म्हणायचं नाही. आणि जे म्हणायचं त्यानं पोरगा आत राहतो."

"तुम्हाला परराष्ट्र धोरण लवकर कळलं," साहेब म्हणाले. ते थट्टा करत होते की नाही, हे उद्धवरावांना कळलं नाही.

दिघीला उद्धवराव आले तेव्हा सरुबाई ओट्यावर कांदे निवडत बसली होती. शेजारची कुसुमताई मदतीला. उद्धवरावांनी घोंगडीवर बसून समोरचे कांदे ओढले. हा मोठा म्हणजे आपण, हा पोर्तुगाल, हा इजिप्त, हा लांबचा ब्राझील. त्यांनी सगळं मांडून सांगितलं. सरुबाई ऐकत होती. ऐकता ऐकता तिनं पोर्तुगाल उचलला, दाबून पाहिला आणि सडक्या कांद्यांच्या ढिगात टाकला.

"अहो, तो लागतो आपल्याला!" उद्धवराव म्हणाले.

"ह्यो मऊ पडलाय. बाकीचे नासवंल." मग तिनं इजिप्तकडे बोट केलं. "ह्ये म्हंजी मिसर न्हवं?"

"होय."

"सयाजीचा बा मिसरातच ऱ्हायला. लडाईत. वाळूत पुरला म्हनं त्येला, का जाळला, कुनी धड सांगितलं न्हाई." तिनं तो कांदा हातात फिरवला. "आन आता पोरगं बी त्येंनीच मागायचं?"

उद्धवरावांनी काय लिहून द्यावं लागेल ते सांगितलं. सरुबाईला पहिल्यांदा कळलंच नाही. कळलं तेव्हा तिनं कांदे बाजूला सारले.

"माजं म्हायेर परदेश?"

"कागदावर."

"मंग मी कोन? परदेशी?"

"तुम्ही नाही. तुम्ही इथल्या. फक्त माहेर."

"आगं बया!" कुसुमताई तोंडावर पदर घेऊन म्हणाली. "न्हवरा हितला, बाई हितली, म्हायेर परदेशी. सासूबाई खूश झाल्या असत्या. जल्मभर त्येच म्हनायच्या."

सरुबाई हसली नाही. "पयल्या बाळंतपनाला म्हायेरी जायचं न्हाई तर कुटं जायचं? दिल्लीला?"

"तसं नव्हे हो."

"दादा, तुमी खासदार. तुमी देवळाम्होरं सांगितलं, गोवा परदेश न्हाई. आता म्हनताय परदेश हाय म्हनून आंगठा द्या. खरं कंचं?"

"दोन्ही."

"दोनी आसंल तर त्यातलं एक खोटं हाय. कंचं खोटं, तेवडं सांगा. मंग देते आंगठा."

संसदेत प्रश्नोत्तराच्या तासाला मंत्री उत्तर देतात तसं काही तरी बोलावं असं उद्धवरावांच्या मनात आलं. दिल्लीत दोन महिने काढून तेवढं शिकता आलं असतं. पण ओट्यावर सरुबाई त्यांच्या तोंडाकडे बघत होती. "मला ठाऊक नाही," ते म्हणाले. "खरंच ठाऊक नाही, सरुबाई. दिल्लीत मी आठवडाभर झोपलो नाही. सयाजी त्यासाठीच आत गेलाय. गोवा आपला म्हणून. त्याला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, मरेन पण असला कागद नको."

"म्हनूनच त्येला इचारत न्हाई."

"उद्या लोक काय म्हणतील?"

"लोकांचं पोरगं आत न्हाई." तिनं अंगठा पदराला पुसला. "लिवा."

"मी लिहायचा नाही, असं..."

"मंग कोन लिवनार? कुसुम? हिला भाकरीवर बी रेघ वडता येत न्हाई."

म्हणून उद्धवरावांनी लिहिलं. सही केली नाही, फक्त लिहिलं. 'परका मुलूख' या शब्दांपाशी टाक अडखळला, डाग पडला. सरुबाईनं अंगठा दिला आणि पुन्हा कांद्याला लागली. इतक्या पटकन लागली की उद्धवरावांना वाटलं तिला काही वाटलंच नाही. पायरी उतरताना मात्र कुसुमताईनं त्यांना खुणावलं. सरुबाई चांगले कांदे सडक्यात टाकत होती.

पावसाळी अधिवेशनात उद्धवराव तो कागद घेऊन सकाळी इजिप्तच्या वकिलातीत गेले. तिथल्या माणसानं उठून नमस्कार केला, गोड कॉफी दिली, कागद भाषांतराला ठेवून घेतला. दुपारी लोकसभेत गोव्यावर चर्चा होती आणि उद्धवरावांचं नाव पुकारलं गेलं. पहिलंच भाषण. ते उभे राहिले आणि म्हणाले, गोवा परदेश नाही, कधी नव्हता, गोव्याला परका मुलूख म्हणेल त्याची जीभ झडो. बाकं वाजली. मागच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्या सभासदानं पाठ थोपटली. उद्धवराव खाली बसले आणि जीभ टाळूला लावून पाहिली. जागेवर होती.

त्यांना वाटलं होतं लाज वाटेल. वाटली नाही. मग न वाटल्याची वाटली. मग तेही विरलं. सकाळचा कागद खरा होता, कारण त्यानं पोरगा सुटणार होता. दुपारचं भाषण खरं होतं, कारण पोरगा त्यासाठीच गेला होता. दोन्ही आपल्याच तोंडातून कसं निघालं याचा विचार करत ते सदनातून बाहेर पडले आणि चुकीच्या बसमध्ये बसले.

दसऱ्याच्या पुढेमागे सयाजीला बांद्याच्या हद्दीवर आणून सोडलं. कोणी सोडवलं हे छापून आलं नाही, छापायचं नव्हतंच. पण भोसरीत तर ठरूनच गेलं की उद्धवरावांनी शब्द पाळला. चावडीसमोर मांडव पडला. बँडवाले आले, लेझीम आली, पुण्याच्या वर्तमानपत्राचा बातमीदार आला. बॅटरीवर चालणारा लाउडस्पीकर आला. दौलतरावसुद्धा आले आणि पुढच्या रांगेत बसले. "आम्हाला कुणाचं चांगलं बघवत नाही असं नाही," ते शेजाऱ्याला म्हणाले. "फक्त रोज बघवत नाही."

सयाजीला बैलगाडीतून वाजतगाजत आणलं. पोरगा काडीसारखा झाला होता. डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं, म्हणून जो बोलेल त्याच्याकडे तो मान वळवून पाहायचा आणि लोकांना वाटायचं, केवढा नम्र! सावंतवाडीहून तो थेट पुण्याला, तिथून थेट मांडवात आला होता. आईला त्यानं लांबून पाहिलं होतं, बोलणं झालं नव्हतं.

उद्धवरावांनी हार घातला. 'गोवा आमचा' अशा घोषणा झाल्या. सयाजीला बोलायला सांगितलं. तो लाउडस्पीकरपुढे उभा राहिला.

"मला एकच इचारायचंय," तो म्हणाला. "मला काढताना त्येंच्या अंमलदारानं दुभाष्या लावून कागुद वाचून दाखिवला. तुज्या आईनं लिवून दिलंय म्हनला, ह्यो मुलूख परका हाय, तू परदेशी, चालता हो. दोन वर्सं मी रोज मार खाऊन सांगत हुतो का मी हितलाच. तिसऱ्या वर्साला माज्याच आईच्या नावानं त्येंनी मला खोटा पाडला. त्यो अंमलदार हसला वो माज्या तोंडावर!" त्याचा आवाज फाटला. "माज्या आईला लिवता येत न्हाई. कागुद लिवला कुनी?"

बातमीदारानं पेन्सिल काढली.

उद्धवराव सयाजीपासून दोन हातांवर उभे होते. मी लिहिला, एवढंच म्हणायचं होतं. पण मी लिहिला म्हटलं की ते उद्या पुण्याला छापून येणार, परवा दिल्लीला, मग हेगला. संसदेचा सभासद म्हणतो गोवा परका. म्हणजे गप्प बसणं हे देशाचं काम होतं. आणि गप्प बसलं की खासदारकीही वाचत होती. यातलं आपण कशासाठी गप्प बसतोय, हे त्यांनी स्वतःला विचारलं. त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "हा परराष्ट्र धोरणाचा नाजूक प्रश्न आहे."

"आत्ता गं बाई!" बायकांतून कुणी तरी म्हणालं. दौलतराव मोठ्यानं हसले. "नाजूक! पोराचा कान फुटला आन ह्यांचा प्रश्न नाजूक! बोला की, खासदार. कागद तुमचा का न्हाई?"

"मी चौकशी करतो," उद्धवराव म्हणाले.

तेव्हा सरुबाई उठली. ती मंचाकडे गेली नाही. बायकांत जिथं बसली होती तिथंच उभी राहिली.

"त्येंची चौकशी नगं. कागुद माजा."

"आई, तुला फसिवलंय ह्येनी."

"मला कोन फसिवतंय? समदं कांदं मांडून इचारून घेतलं म्या. मंग दिला आंगठा."

"तू म्हनलीस त्ये परकं हाय?"

"म्हनलं."

"आजी हाय तिकडं! मामा हाय!"

"माजी आय हाय ती. तुजी आजी नंतर." सरुबाईचा आवाज चढला. "म्हायेर माजं. त्येला परकं म्हनायचं पाप बी माजंच. हितं बसल्यालं शंबर गडी 'गोवा आमचा, गोवा आमचा' वरडत्यात, ह्यातल्या किती जनांच्या बायकांचं म्हायेर हाय तिकडं? न्हाई न्हवं? मंग ज्याचं न्हाई त्येनं मला शिकवू नये." ती दौलतरावांकडे वळली. "आन तुमी हसू नगा. तुमचा लेक आत आसता तर तुमी भोसरी बी लिवून दिली आसती पोर्तुगालला."

दौलतरावांनी टोपी काढून पुन्हा घातली.

सयाजी हार काढून हातात धरून उभा होता. त्याला काय करावं कळत नव्हतं, हे शेवटच्या रांगेतल्यालाही दिसत होतं. "मी तुला सांगितलं हुतं का सोडवाया?" तो हळू म्हणाला.

"न्हाई," सरुबाई म्हणाली. "म्हनून तर तुला इचारलं न्हाई. चल घरी. न्हाईतर नगं येऊस. पर जिता हाईस, तेवडं मला पुरं."

ती निघाली. सयाजी थोडा वेळ उभा राहिला. मग हार लाउडस्पीकरच्या खांबाला अडकवून तोही दिघीच्या वाटेला लागला. तिच्याबरोबर नाही, मागून, बरंच अंतर ठेवून. ती थांबली की तो थांबायचा.

बँडमास्तर मंचाजवळ आला. "साहेब, वाजवायचं का?"

"काय?"

"आता काय वाजवायचं? आनंदाचं का दुसरं?"

उद्धवरावांनी हात हलवला. त्याचा अर्थ त्यानं 'नको' असा घेतला आणि माणसं वाद्यं गुंडाळू लागली. बातमीदारानं विचारलं, "खासदारसाहेब, तुमचं अधिकृत म्हणणं काय?" उद्धवराव म्हणाले, उद्या सांगतो. बातमीदार पेन्सिल खिशात घालून एष्टी पकडायला गेला. लोक उठले. घोंगड्या झटकल्या गेल्या, पोरं मंडपाच्या दोऱ्यांना लोंबकळू लागली.

सयाजी आणि सरुबाई वळणावर दिसेनासे झाले तेव्हा उद्धवराव लाउडस्पीकरपाशी गेले. दोन्ही हातांनी खांब धरला.

"कागद मी लिहिला," ते म्हणाले. "माझ्या हातानं. सगळा."

आवाज त्यांच्या तोंडापुरताच राहिला. बॅटरी केव्हाच काढली होती. लाउडस्पीकरवाला खाली बसून वायर गुंडाळत होता. त्यानं मान वर केली.

"काय म्हणालात, साहेब? जरा पाय उचला. वायर अडकलीय."